सर्वानुमते नामंजूर

अमेरिकेतल्या न्यायमूर्तींचा मला मनापासून राग आहे. त्यांच्यापैकी एकालाही मी कधी पाहिलेलं नाही, त्यांच्या देशात पाऊल ठेवलेलं नाही, आणि ज्यांच्याबद्दल मी बोलतोय त्यातले बरेचसे माझ्या आजोबांच्या जन्माआधीच वारले होते. तरीही राग आहे. तीन वर्षं मी त्यांची चरित्रं टाइप केली, आणि इतका काळ एखाद्याचं आयुष्य टाइप करत बसलं की त्याच्याशी भांडण होतंच.

मी तेव्हा दुबईत एका अमेरिकन वकिलाच्या ऑफिसात लीगल सेक्रेटरी होतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. पुण्यात लॉ कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, शॉर्टहँड पक्कं, इंग्रजी बऱ्यापैकी. तिकडे जायला एवढं पुरत होतं. साहेब साठीला टेकलेला होता. माझं चार अक्षरी नाव त्याने पहिल्याच आठवड्यात दोन अक्षरांवर आणलं, आणि आणताना मला विचारलं नाही. त्याला एक पुस्तक लिहायचं होतं. त्याच्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयातले थोर न्यायमूर्ती, त्यांचं बालपण, त्यांचं करिअर, त्यांचे गाजलेले निकाल. तरुणपणी तो अशाच एका न्यायमूर्तीच्या हाताखाली वर्षभर काम करून आला होता, आणि त्या एका वर्षाच्या गप्पांवर त्याने उरलेलं आयुष्य काढलं होतं.

पुस्तक तो लिहायचा नाही, कॅसेटवर बोलायचा. बोलता बोलता गाजर खायचा. डॉक्टरने सिगारेट सोडायला लावल्यापासून त्याच्या टेबलावर कापलेल्या गाजरांचा डबा असायचा, आणि मानवी स्वातंत्र्याबद्दलची मोठमोठी वाक्यं माझ्या कानात कचाकचा चावून यायची. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारी ऑफिस दुपारी एकला सुटायचं. सगळे ‘यल्ला’, चला, म्हणून पसार व्हायचे, आणि मी हेडफोन लावून, कॅसेट थांबवायचं पायाखालचं पेडल दाबत, एकेक न्यायमूर्ती कागदावर उतरवायचो. हे काम माझ्या नोकरीत बसतं का, हे त्याने कधी विचारलं नाही आणि मीही कधी बोललो नाही.

सगळ्या चरित्रांचा साचा एकच. गरीब किंवा गरीब म्हणता येईल असं घर. कडक बाप. दिव्याच्या उजेडात वाचून दाखवणारी आई. मग कोणीतरी वकील त्याला पुस्तकं उसनी देतो, मग वकिली, मग थोडं राजकारण, मग कोणीतरी राष्ट्राध्यक्ष खूश होऊन त्याला खुर्चीवर बसवतो आणि तिथे तो पंचवीस-तीस वर्षं बसतो. बायको एका वाक्यात यायची. कुत्रा असला तर त्याला परिच्छेद मिळायचा. काहींनी समतेवर पानंच्या पानं लिहिलेली आणि घरी गुलाम ठेवलेले. ते वाक्य साहेब भराभर बोलायचा, तेवढ्यापुरतं गाजरही थांबायचं, आणि लगेच पुढे ‘तरीसुद्धा’ म्हणून तो त्यांच्या थोरवीकडे वळायचा. हाच माणूस आठवडाभर जबल अली बंदरावरच्या ठेकेदारांना करार लिहून द्यायचा, आणि कामगाराने तक्रार केली तर त्याच्याकडून काय काय काढून घ्यायचं याची कलमं त्यात असायची. ती कलमंही मीच टाइप करायचो. मला दोन्ही कामांचा सारखाच वीट आला होता.

पण खरा राग यायचा तो विरोधी मतवाल्यांचा, साहेबाच्या भाषेत डिसेंटरांचा. तिकडे नऊ न्यायमूर्ती बसतात. बहुमताने निकाल लागतो, पण ज्याला तो पटलेला नाही तो आपलं वेगळं मत लिहितो, आणि ते निकालाबरोबर त्याच पुस्तकात छापलं जातं. कधी आठ जण एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे. त्याने काही बदलत नाही, हरलेला पक्षकार हरलेलाच राहतो. पण चाळीस-पन्नास वर्षांनी कोणीतरी ते पुस्तक उघडतो, ते मत वाचतो, आणि कधी कधी कायदाच फिरतो. अशी जागा आली की साहेबाचा आवाज दाटून यायचा. एका न्यायमूर्तीशी त्याच्याच गावातल्या लोकांनी बोलणं टाकलं, दुकानात त्याच्या बायकोला कोणी ओळख दाखवेना, तरी त्याने लिहिलेला शब्द मागे घेतला नाही, असं सांगताना तर कॅसेटवर नाक शिंकरल्याचा आवाज आहे.

मी हेडफोनखाली दात ओठ खायचो. अरे बाबा, त्यांना एकदा नेमलं की मरेपर्यंत कोणी हलवू शकत नाही. ज्याची खुर्ची देवाशिवाय कोणी काढून घेत नाही, त्याने धैर्य दाखवलं तर त्यात काय एवढं? आमच्या पासपोर्टात तीन वर्षांच्या व्हिसाचा शिक्का. साहेबाला नको झालो तर महिन्यात सामान बांधायचं. आम्ही विरोधी मत कशावर लिहायचं? हे मी बायकोला इतक्या वेळा ऐकवलं की ती म्हणाली, ‘तुला कोणी न्यायमूर्ती करत नाहीये, जेव आता.’

ऑफिसात माझं खरं जमायचं ते एकाच माणसाशी. तो आमचा पीआरओ. म्हणजे व्हिसा, लेबर कार्ड, सगळ्या सरकारी खिडक्यांवरची कामं करणारा. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातला, मुसलमान, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला भाऊ. अरबी फडाफडा बोलायचा, खिडकीमागच्या कोणत्याही माणसाला दोन मिनिटांत हसवायचा, आणि ऑफिसात आल्यावर माझ्या टेबलाशी उभा राहून मराठीत सगळ्यांची टिंगल करायचा. साहेबाला तो गाजरवाला म्हणायचा. दुबईतल्या निम्म्या मराठी घरांची अडलेली कामं भाईने सोडवलेली होती. कोणाच्या बायकोचं मेडिकल, कोणाच्या सासूचा व्हिजिट व्हिसा. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी हॉलची परवानगी काढायलाही दर वर्षी हाच धावायचा.

त्याला एक मुलगी होती, बारा वर्षांची. जन्म दुबईचा, शाळा इंग्रजी, घरी बोलणं मराठी, पण अक्षरओळख शून्य. भाई आणि त्याची बायको दोघंही उर्दू शाळेत शिकलेले. घरात कोणालाच देवनागरी वाचता येत नव्हतं. पुढच्या जूनमध्ये तो बायको-मुलीला रत्नागिरीला पाठवणार होता. तिथल्या शाळेने साफ सांगितलं होतं: पोरीने मराठी केल्याचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर दोन वर्ग खाली बसवू.

‘दोन वर्ग,’ भाई मला म्हणाला. ‘माझी पोर मॅथ्समध्ये फर्स्ट येते भाऊ. ती दोन वर्ग खाली बारक्या पोरांत बसेल? रडून रडून जीव देईल ती.’

दुबईत प्रमाणपत्र देणारी एकच जागा होती, आमचं मंडळ. दर शुक्रवारी सकाळी अध्यक्षांच्या व्हिलात मराठीचा वर्ग भरायचा, माझी बायकोच तिथे शिकवायची, आणि वर्षाअखेरीला परीक्षा घेऊन शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळायचं. अट एकच, आईवडील मंडळाचे सभासद हवेत.

‘एवढंच ना?’ मी म्हणालो. ‘अर्ज भरा. सूचक मी.’

‘वर्षाचे शंभर दिरहॅम ना? म्हंजे अकराशे रुपये. भरतो की. पण घेतील वो?’

‘न घ्यायला काय झालं? तुम्ही मराठी नाही का?’

‘मी हाय,’ तो म्हणाला. ‘त्यांना म्हाईत पाहिजे.’

अर्ज मीच भरला, त्याने उर्दूत सही केली. मी मंडळाचा चिटणीस होतो. म्हणजे नोटिसा काढायच्या, सभेचं इतिवृत्त लिहायचं, खाली सही करायची. मंडळाची घटनासुद्धा मीच टाइप केलेली. त्यात एक कलम होतं. कार्यकारिणीत एकाचाही लेखी विरोध असेल तर तो विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जाईल. गणपतीच्या जेवणात कांदा-लसूण असावा की नसावा यावरून पूर्वी मोठी भांडणं झाली होती, तेव्हा घातलेलं ते कलम. आणि सर्वसाधारण सभेला दोनशे माणसं यायची, ज्यातली शंभर तरी भाईला नावाने ओळखायची.

पण त्या कलमाची वेळ कधी यायची नाही, कारण मंडळाची एक पद्धत होती. काहीही होवो, इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहायचं. दोन तास घसा फोडून भांडले, एकजण उठून निघून गेला, तरी ‘सर्वानुमते’. आम्ही परदेशातली चांगल्या घरची माणसं, आमच्यात मतभेद नसतात. पुण्या-मुंबईचे हे सगळे इंजिनिअर, बँकवाले, सेल्सवाले. ऑफिसात गोऱ्यांपुढे मान खाली, आणि शुक्रवारी सिल्कचा कुर्ता घालून संस्कृतीचे राखणदार. मी त्यांच्यातलाच होतो, म्हणून मला त्यांची इतकी चीड येते.

कार्यकारिणीच्या सभेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी त्या गावाने वाळीत टाकलेल्या न्यायमूर्तीचं प्रकरण टाइप करून संपवलं. राग होता तरी ते डोक्यात शिरलं होतं, हे कबूल करतो. घरी जाऊन मी मराठीत दीड पान लिहून काढलं. माझं विरोधी मत. मंडळ भाषेचं आहे की पूजेचं, असा प्रश्न. वर्गाच्या दारात मुलीचं नाव विचारायचं की आडनाव, असा प्रश्न. भाईने मंडळासाठी काय काय केलं त्याची यादी. चार वेळा शुद्धलेखन तपासलं. अर्ज नाकारला गेला तर हे पान इतिवृत्ताला जोडायचं, म्हणजे विषय दोनशे माणसांपुढे जाईल, असा माझा बेत होता. आरशापुढे उभं राहून वाचूनही पाहिलं, हे आज सांगताना लाज वाटते.

सभा अध्यक्षांच्या व्हिलात, शुक्रवारी संध्याकाळी पाचला. आम्ही सातजण. अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर. माणूस कधी आवाज चढवायचा नाही, आणि मला तेच भयंकर वाटायचं.

‘बघा, पर्सनली माझा काहीच इश्यू नाही,’ ते म्हणाले. ‘माणूस चांगला आहे, हेल्पफुल आहे. पण त्यांची त्यांची असोसिएशन्स आहेत ना? तिकडे कम्फर्टेबल वाटेल त्यांना.’

‘आज एक येईल, उद्या वीस येतील,’ खजिनदार म्हणाले.

‘आणि गणपतीत मुलीला काय सांगायचं? आरतीला उभी राहा म्हणून?’ तिसरा म्हणाला. म्हणजे तिचीच काळजी.

मी उठलो आणि दीड पान वाचलं. संपल्यावर एकजण म्हणाला, ‘वा! काय भाषा आहे. पुण्याचा तो पुण्याचा.’ दुसऱ्याने ‘मनापासून लिहिलंय’ म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. मग मत घेतलं. सहा विरुद्ध एक.

मी पान इतिवृत्ताच्या फाइलला लावायला घेतलं, तेव्हा अध्यक्षांनी माझ्या हातावर हात ठेवला.

‘हे नको लावूस रे. हे लावलं की एजीएमला जाणार, तुलाच रूल माहिती आहे. तिथे दोनशे माणसं, कोण काय बोलेल, कोण कुठे जाऊन काय सांगेल. आपण इथे रजिस्टर्ड आहोत का? नाही. धर्मावरून काही झालं अशी एक कम्प्लेंट गेली की खलास, मंडळच बंद. मुलांचा वर्ग बंद. तुला ते हवंय का?’

‘पण माझा विरोध आहे,’ मी म्हणालो.

‘आहेच ना! आम्ही सगळ्यांनी ऐकला. वुई रिस्पेक्ट इट. पण मिनिट्समध्ये सर्वानुमते. ही अमेरिका नाहीये बाबा.’

सगळे हसले. वाईट हसले असंही नाही, घरातल्या माणसाला हसावं तसे हसले. तेवढ्यात त्यांच्या बायकोने साबुदाणा वडे आणले आणि म्हणाल्या, ‘गरम आहेत तोवर घ्या.’ मी पान चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातलं आणि वडा घेतला.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे कित्येक वर्षं मी ती स्वतःपासून लपवली. मला कोणी धमकावलं नाही. माझा व्हिसा अध्यक्षांच्या हातात नव्हता. माझी नोकरी, माझं घर, बायकोचा वर्ग, मुलाचं गणपतीतलं नाटक, कशालाही धक्का लागणार नव्हता. पासपोर्टातल्या तीन वर्षांच्या शिक्क्याचा इथे काडीचाही संबंध नव्हता. त्या खोलीतल्या माणसांना मी नकोसा होऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्यांचा राग मी वर इतका मांडला, पण त्यांनी फक्त विनंती केली. शेपूट मी घातलं.

दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्त टाइप केलं. सही केली.

भाईला मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत गाठून सांगितलं. अर्ज फेटाळला, सहा विरुद्ध एक, तो एक मी.

‘एकटे?’ तो म्हणाला.

‘एकटाच.’

तो बराच वेळ चहात साखर ढवळत राहिला. मग म्हणाला, ‘अवो, मग झालं की. एक माणूस तरी बोलला. आता पुढं काय करता येतं का?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘निकाल फायनल असतो.’ मला हे बोलताना जीभ अडखळली सुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने माझ्यासाठी डबा भरून तांदळाची सांदणं पाठवली. आणि भाईने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. ड्रायव्हरला, रिसेप्शनवरच्या मुलीला, त्याच्या गाववाल्यांना. मला रस्त्यात अनोळखी माणसं सलाम करू लागली. मला ते आवडलं. खूपच आवडलं. शेवटी गोष्ट साहेबापर्यंतही गेली. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, उठून उभा राहिला आणि हात पुढे केला.

‘सो, वुई हॅव अ डिसेंटर इन द ऑफिस,’ तो म्हणाला. ‘इट्स ऑन द रेकॉर्ड, आय होप?’

‘येस सर,’ मी म्हणालो.

‘गुड. इफ इट इज नॉट ऑन द रेकॉर्ड, इट डिडन्ट हॅपन.’ आणि त्याने गाजराचा डबा माझ्यापुढे केला.

त्या माणसाचा मी आयुष्यात इतका द्वेष कधी केला नसेल. ठेकेदारांचे करार लिहिणारा, माझं नाव कापणारा, गुरुवार खाणारा हा माणूस, आणि नेमका त्यानेच तो प्रश्न विचारायचा होता. त्या सहाजणांना माहीत नव्हतं असं समजू. पण विरोधी मत छापलं गेलं नाही तर ते मतच नसतं, हे दुबईतल्या कोणत्याही मराठी माणसापेक्षा मला जास्त माहीत होतं. तीन वर्षं मी दुसरं टाइप काय करत होतो?

म्हणून मी भाईला म्हणालो, मुलीला माझ्याकडे पाठवा, मी शिकवतो. भाईला वाटलं, मोठं मन आहे. प्रमाणपत्र माझ्या हातात नव्हतं; शाळेने तिला पुढे दोन वर्ग खालीच बसवलं, ते मला नंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं. पण तेव्हा आम्हाला आशा होती की पोर घडाघडा वाचते हे पाहून हेडमास्तर ऐकतील.

मग दर शुक्रवारी सकाळी बायको अध्यक्षांच्या व्हिलात सभासदांच्या वीस मुलांना शिकवायला जायची, आणि त्याच वेळेला करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मी एका मुलीला शिकवायचो. भाई तिला नऊला सोडायचा आणि जुम्म्याच्या नमाजाआधी न्यायला यायचा. ती अंगाने बारीक, दोन वेण्या, चष्मा, आणि हट्टी. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत.

‘हे कोणतं अक्षर?’

‘अंकल, धिस इज घ. अँड धिस वन इज ध. व्हाय डू दे लुक सेम? व्हू मेड धिस?’

दोन महिन्यांत बाराखडी संपली, चौथ्या महिन्यात जोडाक्षरं. मग तिला वेडच लागलं. दिसेल ते वाचायची. लोणच्याच्या बरणीवरचं, अगरबत्तीच्या पुड्यावरचं, पुण्याहून आलेल्या पार्सलला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे. वाचून झालं की अर्थ विचारायची नाही. बिनचूक वाचलं का, एवढंच विचारायची. मला तिचा लळा लागला होता, आणि तिच्यापुढे बसलो की मी चांगला माणूस आहे असं मला तासभर वाटायचं.

मार्चमधला शुक्रवार. संध्याकाळी मंडळाची सर्वसाधारण सभा होती, म्हणून इतिवृत्ताची फाइल मी टेबलावर काढून ठेवली होती. मुलगी दिवाळी अंकातली गोष्ट वाचत होती. फोन वाजला, अध्यक्षांचाच, खुर्च्या किती मागवायच्या म्हणून. मी आत जाऊन बोलत उभा राहिलो. बेल वाजली, मुलीनेच दार उघडलं असणार. मी बाहेर आलो तेव्हा भाई सोफ्यावर बसला होता.

‘आज लवकर आलो वो,’ तो म्हणाला. ‘म्हटलं ऐकू तरी, कशी वाचते ती. घरी नुसती पुड्यांवरचं वाचते.’

‘वाच की,’ मी म्हणालो, आणि दिवाळी अंक उचलला. पण तिच्यापुढे फाइल उघडी होती, आणि तिचं बोट एका ओळीवर होतं.

‘अब्बा, लुक! युअर नेम!’

‘माझं? कुठं?’

‘हिअर. शॅल आय रीड?’

‘ते नको,’ मी म्हणालो. ‘ते ऑफिसचं आहे, कठीण आहे.’

‘आय कॅन रीड कठीण,’ ती म्हणाली.

‘वाचू द्या वो,’ भाई हसत म्हणाला. ‘बापाचं नाव वाचते पोर.’

तिने चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागली. शाळेत कविता म्हणतात तशी, ताठ बसून, प्रत्येक शब्दावर बोट ठेवत. ‘विषय क्रमांक चार. सभासदत्वासाठी आलेले अर्ज.’ मग तिने भाईचं पूर्ण नाव वाचलं, आणि भाईने मान डोलावली. ‘सदर अर्जदार मंडळाच्या सभासदत्वाच्या निकषांत बसत नसल्याने,’ इथे ‘निकषांत’वर ती थोडी थांबली आणि स्वतःच सावरली, ‘त्यांचा अर्ज सर्वानुमते नामंजूर करण्यात आला.’

अर्ज आणि नामंजूर हे शब्द भाईला कोणी शिकवायची गरज नव्हती, ते त्याच्याच उर्दू शाळेतले. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला तिच्या हातातून फाइल ओढून घेता आली असती, पण मी घेतली नाही.

‘सर्वानुमते म्हंजे?’ भाईने मला विचारलं.

‘सगळ्यांच्या मताने,’ मी म्हणालो.

‘सगळ्यांच्या?’

‘हो.’

त्याचा चेहरा मी नीट पाहिला नाही. मुलीचं बोट पुढे सरकलं होतं. ‘अर्जदारास तसे कळविण्याची जबाबदारी चिटणिसांवर सोपविण्यात आली.’ मग खाली सही होती, सहीखाली टाइप केलेलं माझं नाव. तेही तिने वाचलं, चारही अक्षरं स्पष्ट, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

‘अंकल, एनी मिस्टेक?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘एकही नाही.’

ती इतकी खूश झाली की खुर्चीतून उडी मारून उतरली. भाई उठला. त्याने तिची वही, पेन्सिल, खोडरबर एकेक करून तिच्या दप्तरात भरलं, चेन लावली, आणि दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, ‘भाई, मी खरंच विरोधात होतो. पान लिहिलं होतं.’

‘असेल,’ तो म्हणाला.

दारात चपला घालताना ती म्हणाली, ‘अंकल, नेक्स्ट फ्रायडे सेम टाइम?’

माझ्याऐवजी भाईने उत्तर दिलं.

‘नाय गो. आता तुला वाचता येतं.’